होइबेर्ख: गवताचा डोंगर की गवताची राखण?

पाणंद

नेदरलँड्सच्या उट्रेख्त प्रांतात, वुर्डनच्या आसपासच्या सखल कुरणांत, जुन्या शेतघराला लागून एक गोष्ट अजून दिसते. गोलाकार रोवलेले चार-पाच उंच खांब आणि त्यांच्यावर चढवलेलं टोकदार छप्पर. भिंत एकही नाही. खांबांची टोकं छपराच्या बरीच वर निघालेली असतात, त्यामुळे पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, काम अर्धवट टाकून कारागीर निघून गेलेत. पण ते तसंच असायला हवं, कारण छप्पर त्या खांबांवरून वर-खाली सरकतं.

याला डच भाषेत होइबेर्ख म्हणतात. ‘होइ’ म्हणजे कापून वाळवलेलं गवत आणि ‘बेर्ख’ म्हणजे डोंगर. डच शिकायला लागलं की हे दोन्ही शब्द लवकरच कळतात आणि बहुतेकांचा विषय तिथेच संपतो: गवताचा डोंगर. आपण गवताच्या गंजीत सुई शोधतो, डच माणूस होइबेर्खमध्ये टाचणी शोधतो. म्हण ऐकताना डोळ्यांपुढे ढीगच येतो, छप्पर येत नाही.

मला मात्र या शब्दातला बेर्ख डोंगर वाटत नाही. जुन्या डचमध्ये दिसायला अगदी एकसारखे दोन बेर्ख होते. एक डोंगर. दुसरा ‘बेर्खन’ या क्रियापदातून आलेला, आणि बेर्खन म्हणजे राखणं, सांभाळून ठेवणं, निवाऱ्याला ठेवणं. होइबेर्खमधला बेर्ख हा दुसरा. व्युत्पत्तीवाल्यांचा कलही याच बाजूला आहे.

का, ते सांगते. उघड्यावर रचलेल्या गवताला डचमध्ये वेगळी नावं आहेत. कापणीनंतर शेतातच घालतात त्या लहान ढिगाला ओपर म्हणतात. बिनछपराची मोठी रचलेली गंजी असते तिला होइमेइत म्हणतात. होइमेइत होइबेर्खइतकीच उंच असू शकते, कधी जास्तही. उंचीवरूनच नाव पडायचं असतं तर ते होइमेइतला पडलं असतं. पण बेर्ख हे नाव मिळालं ते खांब आणि छप्पर असलेल्या वस्तूला. शिवाय आत गवतच हवं असं नाही. धान्याच्या पेंढ्या ठेवल्या की तोच कोरेनबेर्ख. म्हणजे नाव ढिगाचं नाही, ढीग जपणाऱ्या बांधकामाचं आहे.

नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना हे क्रियापद रोजच्या वापरातलं आहे, फक्त ओळख पटलेली नसते. फ्लॅट भाड्याने घेताना तळमजल्यावर सायकली आणि अडगळ ठेवायला एक खोली मिळते, तिचं नाव बेर्खिंग. मुलांना खेळणी आवरून ठेवायला सांगतात ते ओपबेर्खन. बुडालेलं जहाज वर काढणं किंवा महामार्गावर बंद पडलेली गाडी उचलून नेणं, तेही बेर्खन. आणि याच कुळातला सगळ्यात देखणा शब्द हेरबेर्ख, म्हणजे सराई, खाणावळ. त्यातल्या ‘हेर’चा अर्थ सैन्य. मुळात सैन्याच्या निवाऱ्याची जागा, मग कुठल्याही वाटसरूच्या निवाऱ्याची. इंग्रजीतला हार्बर याच जोडशब्दाचा भाऊ, आणि फ्रेंचांचा ओबेर्ज (सराई) जर्मानिक भाषांकडूनच गेलेला. हेरबेर्खमध्ये कुणाला डोंगर दिसत नाही. होइबेर्खमध्ये दिसतो, कारण गवताचा ढीग खरोखरच डोंगरासारखा असतो आणि कान फसतो.

पहिला अर्धा भाग सरळ आहे. ‘होइ’चं नातं ‘हाउवन’ म्हणजे तोडणं, घाव घालणं या क्रियापदाशी लावतात. होइ म्हणजे कापलेलं. उभं असेपर्यंत ते ‘ख्रास’, विळा लागला आणि ऊन खाल्लं की होइ. शब्द फार जुना आहे. शार्लमेन बादशहाने महिन्यांना जर्मानिक नावं दिली तेव्हा जुलैला गवताचा महिना म्हटलं होतं, आणि डचमध्ये जुलैचं जुनं नाव होइमांड असंच आहे.

शेती करणारे, भाषा अभ्यासणारे, नेदरलँड्सच्या शेजारपाजारच्या देशांत राहणारे, सगळ्यांनी भर घालावी.

रानजाई

छान धागा, पाणंदताई. एक शंका. माझ्या ओळखीच्या डच लोकांपैकी कुणालाही विचारलं तर ते डोंगरच सांगतील. बोलणाऱ्या सगळ्यांच्या मनात डोंगर असेल, तर आज त्या शब्दाचा अर्थ डोंगरच झाला ना? मूळ काहीही असो.

आणि कॅरिबियन समुद्रातल्या अरुबा बेटावर होइबेर्ख नावाची टेकडी आहे, १६५ मीटर उंच. तिथे तर गवत ठेवायची जागा नाही, सरळ डोंगरच आहे.

शब्दवेडा

रानजाई, अरुबाचं उदाहरण उलट्या बाजूने बघा. त्या टेकडीला नाव मिळालं ते तिचा आकार गवताच्या राशीसारखा दिसतो म्हणून. वस्तू आधी, टेकडी नंतर. टेकडीवरून वस्तूचं नाव पडलेलं नाही. डच खलाशांना आणि वसाहतवाल्यांना घरची वस्तू आठवली आणि त्यांनी ती सपाट बेटावर उठून दिसणाऱ्या सुळक्याला चिकटवली. ‘बेर्ख’मध्ये डोंगरही ऐकू येतो हे तिथे सोयीचंच पडलं असणार.

आज लोकांच्या मनात काय आहे, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. वापराचा अर्थ आणि मूळ या दोन वेगळ्या चौकश्या. इथे चौकशी मुळाची चालली आहे, म्हणून मूळ जरा खणतो.

डोंगरवाल्या बेर्खचं मूळ ‘उंच’ या अर्थाच्या इंडो-युरोपीय धातूत आहे. त्याच धातूतून संस्कृतात बृहत् आला. म्हणजे आपण बृहन्महाराष्ट्र म्हणतो तेव्हा त्यातला बृहत् डच डोंगराचा चुलतभाऊ असतो. हिमनगाला आपणही सर्रास आइसबर्ग म्हणतो. इंग्रजीत तो शब्द डच एइसबेर्खच्या धर्तीवर आला, आणि त्यातला बेर्ख मात्र खरा डोंगर.

राखणवाल्या बेर्खनचा धातू निराळा, अर्थ जपणं. जर्मनमध्ये बेर्गन, जुन्या इंग्रजीत बेओर्गन. इंग्रजीने ते क्रियापद पुढे टाकून दिलं, हार्बरसारख्या शब्दात त्याचं खोड तेवढं उरलं. स्लाव्ह भाषांत तो धातू आजही जोमात आहे. रशियन बेरेच् म्हणजे जपणं, सांभाळणं. आणि गंमत म्हणजे रशियनमध्येही हीच जुळी जोडी आहे: बेरेग म्हणजे किनारा, तो उंचवट्याच्या धातूतून, आणि बेरेच् जपण्याच्या धातूतून. हजारो वर्षं शेजारी नांदूनही ते दोन धातू तिथे मिसळले नाहीत. डचमध्ये नामरूप तंतोतंत एक झालं, म्हणून घोटाळा झाला.

पाणंदताईंचा मला सगळ्यात पटलेला मुद्दा ओपर आणि होइमेइतचा. शब्दाची व्युत्पत्ती काढताना आपण त्या शब्दालाच उलटंसुलटं करत बसतो. त्याच्या शेजारचे शब्द कुठली कामं करतात ते पाहिलं की बरेचदा उत्तर तिथेच मिळतं. बिनछपराच्या राशीला आधीच दोन नावं असताना तिसरं नाव का लागलं? कारण वस्तू तिसरी होती.

कृष्णाकाठ

मी शेतकरी माणूस, भाषेतलं फार कळत नाही, पण वस्तू समजून घ्यायची आहे. आमच्याकडे कडब्याची गंजी लावतात. पेंढ्यांची बुडखं बाहेर आणि शेंडे आत, वर निमुळती करत न्यायची आणि शेवटी पावसाचं पाणी ओघळून जाईल असा शाकार करायचा. गंजी लावणारा हात पक्का असावा लागतो. एका बाजूला कलली की पाणी आत शिरतं आणि मधला कडबा काळा पडतो. जनावर त्याला तोंड लावत नाही. हल्ली वरून ताडपत्री टाकतात, ती वाऱ्याने फाटते.

माझे प्रश्न असे. एवढं जड छप्पर वर कसं चढवतात? ते हलतं ठेवायची गरज काय, एकदाच उंच बांधलं तर काय बिघडलं? उंदीर-घुशींचं काय करतात? आणि ओलं गवत रचलं तर गंजी आतून तापते, तो त्रास तिकडे आहे की नाही?

पाणंद

कृष्णाकाठकाका, असे प्रश्न यावेत म्हणूनच धागा काढला होता. एकेक घेते.

खांबाला रूडे म्हणतात. एका खांबापासून सहा खांबांपर्यंतचे होइबेर्ख असतात, क्वचित जास्त खांबांचेही. एकखांबी असतो तो जमिनीत रोवलेल्या छत्रीसारखा दिसतो. खांब पूर्वी लाकडी असत, विसाव्या शतकात लोखंडाचे आणि काँक्रीटचेही आले. प्रत्येक खांबाला ठरावीक अंतरावर आरपार भोकं पाडलेली असतात. छपराची खालची चौकट प्रत्येक खांबाशी एका लोखंडी खिळीवर टेकलेली असते, आणि ती खिळी भोकात घातलेली असते. छपराला काप म्हणतात, म्हणजे टोपी. ते बोरूचं किंवा गव्हाच्या काडाचं शाकारलेलं असे, नंतर पत्र्याचं झालं.

वर चढवायचं तर एका खांबापाशी स्क्रूचा जॅक लावायचा, चौकटीचा तो कोपरा थोडा उचलायचा, खिळी काढून वरच्या भोकात घालायची, मग पुढच्या खांबापाशी जायचं. एकाच कोपऱ्याला घाई केली की चौकट तिरकी होऊन खांबात अडकते. म्हणून फेऱ्या मारत, भोकाभोकाने. उतरवतानाही तसंच. अर्न्हेमच्या खुल्या संग्रहालयात जुनी शेतघरं उभी केली आहेत. तिथल्या होइबेर्खच्या खांबाजवळ उभं राहून ती भोकं बघितली की सगळी युक्ती क्षणात कळते. भोकांच्या कडा खिळीने झिजून गुळगुळीत झालेल्या असतात.

छप्पर हलतं का हवं? कारण गवताची उंची बदलत राहते. उन्हाळ्यात रचलं तेव्हा रास उंच असते, मग आपल्याच वजनाने बसते. हिवाळ्यात गोठ्यात गाई बांधल्या की रोज वरून काढलं जातं. छप्पर एकाच उंचीवर ठेवलं तर गवत आणि छपराच्या मध्ये मोठी पोकळी राहणार, आणि तिकडचा पाऊस आडवा येतो. समुद्रावरून येणारा वारा तो थेट आत घालतो. म्हणून छप्पर गवताच्या डोक्यावर टेकलेलं हवं, गवत उतरेल तसं उतरायला हवं. भिंती नाहीत त्या वारा खेळता राहावा म्हणून. लाकूड आणि विटा वाचतात हा वरचा फायदा.

यात राखण्याची सगळी अक्कल दिसते, म्हणूनच मला बेर्खन पटतं. ढिगाला ढीग म्हणणाऱ्या माणसाने हे एवढं केलं नसतं.

उंदीर होतेच. काही ठिकाणी जमिनीपासून माणूसभर उंचीवर फळ्यांचा माळा करून त्याच्यावर गवत रचत आणि खाली गाडी, अवजारं किंवा वासरं ठेवत. त्याला स्खूरबेर्ख म्हणतात, म्हणजे कोठारवजा बेर्ख.

गंजी तापण्याला डचमध्ये स्वतंत्र जोडशब्द आहे, होइब्रूई. ‘ब्रूई’ म्हणजे उबेने तापणं, अंडी उबवणं या क्रियापदाच्या घरचा शब्द. पुरतं न वाळलेलं गवत रचलं की आतले जीवजंतू कामाला लागतात आणि उष्णता बाहेर जाऊ शकत नाही. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे जंतूही मरतात, पण तोवर गवतात रासायनिक क्रिया सुरू झालेली असते आणि ती तापमान वाढवत नेते. रचून काही आठवडे झाल्यावर, सगळं निवांत आहे असं वाटत असताना, रास आतून पेट घेते. शेतकरी लांब लोखंडी सळई राशीत खुपसून ठेवत, काही वेळाने ओढून काढून हाताने चाचपत. सळई धरवत नसेल तर रास उपसायची. उपसतानाही धोका, कारण आतल्या तापलेल्या गवताला अचानक हवा मिळते. म्हणून पाणी हाताशी ठेवूनच फावडं लावायचं.

एल्बकाठ

उत्तर जर्मनीतून लिहितोय. पाणंदताई, तुमच्या बाजूने एक भक्कम साक्षीदार आणतो.

श्लेस्विग-होल्स्टाइनमध्ये उत्तर समुद्राला लागून आयडरश्टेट नावाचा द्वीपकल्प आहे. तिथे एक प्रकारची प्रचंड शेतघरं आहेत, त्यांना हाउबार्ग म्हणतात. ‘हाउ’ म्हणजे गवत, आणि ‘बार्ग’ तोच, राखणारा. घराच्या मधोमध चार मोठ्या खांबांच्या चौकात जमिनीपासून छपरापर्यंत गवत रचायचं, आणि त्या चौकाच्या चारी बाजूंनी माणसं, गाईगुरं आणि मळणीची जागा. सगळ्यांवर एकच उतरतं छप्पर. ही बांधणी सोळाव्या-सतराव्या शतकात डच वस्तीकऱ्यांबरोबर आली. बांध घालणं आणि दलदल सुकवणं यांत ते वाकबगार होते. उत्तर हॉलंडमध्ये याच जातीच्या शेतघराला स्टोल्प म्हणतात.

म्हणजे बघा, होइबेर्खचे चार खांब मधे तसेच राहिले आणि त्यांच्याभोवती घर वाढलं. गवत मध्यभागी, माणसं कडेला. इथे ‘बार्ग’चा अर्थ डोंगर करायचा म्हटला तरी करता येत नाही, कारण ते राहतं घर आहे.

व्हित्सव्होर्ट गावाजवळ रोटर हाउबार्ग आहे, म्हणजे तांबडा हाउबार्ग. त्याला ९९ खिडक्या आहेत असं सांगतात. दंतकथा अशी की एका गरीब तरुणाने सैतानाशी करार केला, कोंबडा आरवायच्या आत घर बांधून दे, मग माझा आत्मा तुझा. सैतान शंभराव्या खिडकीची काच बसवणार इतक्यात कोंबडा आरवला. तरुण वाचला आणि घर त्याचंच झालं.

होइबेर्खसारखी सुटी वस्तूही इकडच्या नदीकाठच्या सखल भागात होती. तिला रूटनबेर्ग म्हणत. ‘रूट’ म्हणजे तुमचाच रूडे, खांब.

गुंजारव

वाखूसा (वाचनखूण साठवली).

हडसनकाठचा

न्यू जर्सीत राहून मला हा शब्द डचांचा आहे हे बरंच नंतर कळलं, कारण इथे त्याने वेगळाच वेष घेतला आहे. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या जुन्या शेतीविषयक लिखाणात ‘हे बॅरक’ हा शब्द येतो. वाचणाऱ्याला वाटतं, सैनिकांच्या बराकीचा काहीतरी संबंध असणार. प्रत्यक्षात ते होइबेर्खचं इंग्रजी रूप आहे. सतराव्या शतकात हडसनच्या काठाने डच वसाहत होती, न्यू नेदरलँड. १६६४ मध्ये ती इंग्रजांनी घेतली. राज्य गेलं तरी शेतकरी तिथेच राहिले आणि त्यांचे खांब आणि छपरंही राहिली. इंग्रज शेजाऱ्यांनी वस्तू उचलली, शब्दही उचलला. पण ‘बेर्ख’ त्यांच्या तोंडात बसेना, म्हणून ओळखीच्या ‘बॅरक’मध्ये घातला. हे-बेर्खचं हे-बॅरक झालं.

पेर काल्म नावाचा स्वीडनहून आलेला निसर्ग-अभ्यासक १७४८ मध्ये न्यू जर्सीतून प्रवास करत होता. गवतावरची ही वर-खाली सरकणारी छपरं त्यानेही नोंदवून ठेवली आहेत. डच सत्ता जाऊन तेव्हा ऐंशीपेक्षा जास्त वर्षं झाली होती.

मला यातलं विशेष वाटतं ते हे की डच बोलणाऱ्यांच्या कानाला बेर्खमध्ये डोंगर ऐकू आला आणि इंग्रजी बोलणाऱ्यांना बराक. दोघांनीही ओळखीचाच शब्द ऐकला. पण अंदाज कुणाचा जवळ गेला म्हणाल तर इंग्रजांचा. बराक निदान निवारा तरी आहे.

जर्सी सिटीत आपली बरीच मराठी मंडळी राहतात. १६६० मध्ये डचांनी वसवलेलं बर्गन गाव तिथेच होतं, बर्गन स्क्वेअर अजून आहे. त्या नावावरही अशीच चर्चा झडत आली आहे. कुणी म्हणतं गाव उंचवट्यावर होतं म्हणून डोंगर, कुणी म्हणतं युरोपातल्या त्याच नावाच्या गावावरून, तर कुणी ‘आसरा, निवारा’ असं म्हणून बेर्खनशी जोडतं. शब्दवेडा, यावर तुमचं मत ऐकायला आवडेल.

शब्दवेडा

गावाच्या नावाला होइबेर्खचा न्याय लावता येत नाही. होइबेर्खबद्दल आपल्याकडे वस्तू आहे. तिचे खांब मोजता येतात, तिच्या शेजारचे शब्द तपासता येतात. गावाच्या नावामागे नाव ठेवणाऱ्याच्या मनातली गोष्ट असते, आणि युरोपात बर्गन नावाची ठिकाणं भरपूर. गाव टेकाडावर वसलेलं होतं, त्यामुळे डोंगरवाल्यांची बाजू तिथे लंगडी नाही एवढंच म्हणेन.

बराकीबद्दल तुमचं निरीक्षण फार आवडलं. सैनिकांची बराक हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला, डचशी त्याचा संबंध नाही. योगायोगाने तो हाताशी होता.

विस्तुला

पोलंडमध्ये काही वर्षं काढली आहेत, म्हणून राहवत नाही. ही वस्तू तिथेही आहे! पोलिश नाव ब्रूग. चार खांब, वर सरकणारं छप्पर, खाली गवत. पोलंडच्या जुन्या सरदार घराण्यांच्या चिन्हांत लेश्चित्स नावाचं एक चिन्ह आहे, त्यालाच ब्रूगही म्हणतात. त्यावर तलवार नाही, सिंह नाही. चार खांब आणि सोनेरी छप्पर, बस्स. सरदारांनी गवताची छपरी ढालीवर मिरवली, याचं मला फार कौतुक वाटतं.

युक्रेनच्या कार्पाथियन डोंगराळ भागात याला ओबोरीह म्हणतात आणि ते आजही वापरात आहेत. शब्दवेडा यांनी वर रशियन बेरेच् सांगितलं, युक्रेनियनमध्ये तेच बेरेहती. ओबोरीह त्याच कुळातला, आणि पोलिश ब्रूगही तिथलाच मानतात. म्हणजे वस्तू एक, आणि पार दुसऱ्या भाषाशाखेतही नाव जपण्यावरून. ज्या कार्पाथियनमध्ये नजर जाईल तिथे खरे डोंगर उभे आहेत, तिथल्या लोकांनीसुद्धा याला डोंगर म्हटलं नाही.

रानजाई

विस्तुला, हे वाचून मी पाणंदताईंच्या पक्षात आले. ओपर आणि होइमेइतपेक्षाही मला ओबोरीह जास्त पटला.

गुंजारव

वाखूसा टाकून गेले होते, आता सवडीने लिहिते. मी चित्रांच्या बाजूने बघते.

डच चित्रकार रेम्ब्रांटने अॅम्स्टरडॅमच्या आसपास फिरून जी निसर्गदृश्यं कोरली, त्यांत होइबेर्ख वारंवार येतो. १६४१ च्या एका कोरीवचित्रात झोपडीवजा शेतघर आणि बाजूला गवत भरलेला होइबेर्ख आहे, साधारण १६५२ च्या दुसऱ्या एका चित्रात होइबेर्खजवळ मेंढरांचा कळप. सपाट देशात चित्रकाराला उभ्या रेषा हव्या असतात. चर्चचा मनोरा, पवनचक्की आणि हे खांब, एवढंच त्याच्या हाती असतं. छापा मोठा करून पाहिला तर छपरावर निघालेली खांबांची टोकं स्पष्ट दिसतात. साडेतीनशे वर्षांहून जुनं चित्र आणि पाणंदताईंचं वुर्डनचं वर्णन यांत काही फरक नाही.

त्याआधी हिएरोनिमस बॉस या चित्रकाराचं तीन फळ्यांचं चित्र, साधारण १५१२ ते १५१५ च्या दरम्यानचं, माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. मधे गवताने खच्चून भरलेली गाडी, आणि राजेमहाराजे, धर्मगुरू, चोर, भिकारी सगळे त्यातलं गवत ओरबाडायला धावतायत. त्याच्यामागे जी जुनी म्हण असल्याचं सांगतात ती अशी: जग हा होइबेर्ख आहे, ज्याला जेवढं ओढता येईल तेवढं तो ओढतो. इथे राखून ठेवलेली चीज हा अर्थ धरला तर म्हणीला वेगळंच वजन येतं. ढिगातून उचलणं वेगळं, दुसऱ्याने राखलेल्यातून ओरबाडणं वेगळं.

आणि थोडं शहराकडे. अॅम्स्टरडॅममध्ये १५९२ पासून ‘दे होइबेर्ख’ नावाची बिअरची भट्टी होती. १८६४ मध्ये खेरार्ड आद्रियान हायनेकन या तरुणाने ती विकत घेतली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. जगभर गेलेल्या त्या बाटलीची सुरुवात गवताच्या छपराचं नाव असलेल्या भट्टीत झाली.

कृष्णाकाठ

पाणंदताई, सळईची युक्ती ध्यानात ठेवतो. आमच्याकडे हात खुपसून बघतात, आणि हात काही फार आत जात नाही. खिळीच्या भोकांचं वर्णन वाचून असं वाटतंय की गावच्या लोहाराकडून चार पाइपांना भोकं पाडून घेतली तर पत्र्याचं हलकं छप्पर सहज वर-खाली करता येईल. कडबा तसाही थोडाथोडा काढला जातो. ताडपत्रीपेक्षा बरं पडेल का? आणि आता तिकडे गवत असंच ठेवतात की बंद झालं?

पाणंद

काका, छपराचं वजन आणि वारा यांचा हिशोब आधी करा. हलकं छप्पर वारा उचलून नेतो. तिकडचं शाकारलेलं छप्पर जड होतं आणि चौकट खांबांना धरून असायची. पत्रा वापरणार असाल तर प्रत्येक खांबापाशी चौकट वर उठणार नाही अशी दुसरी खिळी वरच्या अंगानेही घाला. पाइप जमिनीत खोल आणि काँक्रीटमध्ये हवेत. एवढं केलंत तर कडब्याला उपयोग होईल असं मला मनापासून वाटतं, कारण अडचण तीच आहे: रास उतरते आणि वरचं आच्छादन तिथेच राहतं.

तिकडे आता जनावरांसाठी असं गवत ठेवणं जवळजवळ थांबलं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर गठ्ठे बांधणारी यंत्रं आली. घट्ट गठ्ठ्यांना सरकत्या छपराची गरज नसते, बंदिस्त शेडमध्ये थप्पी मारता येते. मग मुरघास आला. आपल्याकडे दूधवाले करतात तसाच, फक्त मक्याबरोबर गवताचाही, प्लॅस्टिकखाली दाबून. गवत पुरतं वाळायची वाट बघायला नको, म्हणून पावसाळी देशात तो पटकन रुळला. हिरवट-पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले गोल गठ्ठे आज कुरणांत पडलेले दिसतात.

जे होइबेर्ख उरले त्यांतले बरेच गाड्या ठेवायला, लाकूडफाटा ठेवायला वापरतात. काहींना काचेच्या भिंती लावून राहायच्या खोल्या केल्या आहेत. छप्पर एकाच जागी पक्कं करतात, खांबांची टोकं मात्र बहुतेक जण तशीच वर ठेवतात.

रानजाईंच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. आजच्या डच माणसाला त्यात डोंगर ऐकू येतो, कारण त्याने ती वस्तू वापरलेलीच नाही. त्याच्याकडे शब्द आला तो टाचणीच्या म्हणीतून. ज्याच्या आजोबांनी जॅक लावून खांबाभोवती फेऱ्या मारल्या, त्याला विचारलं तर तो आधी छपराबद्दल बोलायला लागतो. वुर्डनकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी विचारलं होतं, बेर्ख म्हणजे काय. त्यांनी गवताचं नावही काढलं नाही. म्हणाले, पाऊस यायच्या आत छप्पर खाली आणणं हे माझं लहानपणचं काम होतं, आणि शेवटची खिळी बसली की नाही ते वडील स्वतः हात लावून बघायचे.

काका, पाइपांचं जमलं तर इथे जरूर कळवा. भोकांमधलं अंतर किती ठेवलंत तेही लिहा.